पुलावरची अकरावी फळी

“काळी दोन,” प्राध्यापक उगारे म्हणाले, आणि आम्ही तेराजण उठून उभे राहिलो.

टेबलावरच्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचं बटण दाबलं गेलं आणि वाचनालयाच्या सभागृहात एकच स्वर घुमायला लागला. रविवारची सकाळ, साडेदहाची वेळ. दोन मिनिटं हात जोडून, नजर समोर ठेवून तो स्वर ऐकायचा आणि मग बसायचं. मंडळाची प्रत्येक सभा अशीच सुरू व्हायची. या प्रकाराला ‘पूलवंदना’ म्हणत. मी पहिल्यांदा आले तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या तौफिक बागवानला हळूच विचारलं होतं, “कोण गेलं?”

“कोण नाही,” तो म्हणाला होता. “गेम संपली.”

त्या रविवारी मात्र माझं लक्ष स्वराकडे नव्हतं. हातात फाइल होती, फाइलमध्ये एक तक्ता होता, आणि तक्त्याची शेवटची ओळ सभेत वाचायची की नाही, हे माझं अजून ठरत नव्हतं. वाचली तर एक पत्र मिळणार नव्हतं. पत्र नाही मिळालं तर नोकरी गेली.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी कोल्हापूरहून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मिरजेला घरी बसले होते. बसले होते म्हणजे अक्षरशः बसले होते. आई रोज सकाळी माझ्याभोवतीचा केर काढायची. अशात पुण्याच्या एका कंपनीने मुलाखतीत मला जवळजवळ घेतलंच. काम होतं एकच व्हिडिओगेम वेगवेगळ्या यंत्रांवर खेळून कुठे काय फरक पडतो ते शोधायचं. अट एकच घातली: अशा कामाचा अनुभव असल्याचं नोंदणीकृत संस्थेचं पत्र तीन आठवड्यांनंतरच्या शुक्रवारपर्यंत आणा.

मिरजेत अशी संस्था असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण होती. ‘हाशिमोरी अभ्यास मंडळ, मिरज’. नोंदणी क्रमांकासकट.

हाशिमोरी हा एक जुना जपानी खेळ. गावातून निघालेला एक मुलगा, त्याला वाटेत भेटणारे तीन सोबती, पुष्कळ राक्षस, आणि चालता चालता मध्येच अंगावर येणाऱ्या लढाया. लढाई जिंकली की मुलगा थोडा बलवान होतो आणि पुन्हा चालायला लागतो. पंचाण्णव सालच्या उन्हाळ्यात या खेळाची एक कार्ट्रिज, यंत्राच्या खाचेत बसवायची प्लास्टिकची डबी, मिरजेत अण्णा मगदुमांच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात येऊन पडली. अण्णा तेव्हा चोवीस वर्षांचे होते. गल्लीतल्या आठ पोरांना घेऊन त्यांनी चाळीस दिवस हा खेळ खेळला. सगळा मजकूर जपानीत. एक अक्षर कुणाला कळत नव्हतं. पुन्हा सुरू करताना लागणारा पासवर्डही जपानीत, म्हणून पोरांनी त्याची चित्रं वहीत काढून ठेवली होती आणि त्यांना नावं दिली होती: बेडूक, उलटा सात, झाडू, टोपी घातलेला सहा. ती वही आता मंडळाच्या कपाटात लाल कापडात बांधून ठेवलेली असते.

त्या आठ पोरांतला एक म्हणजे प्राध्यापक हेमंत उगारे. मंडळ त्यांनीच काढलं. अण्णांना अध्यक्ष केलं आणि स्वतः सचिव झाले. कॉलेजात मराठी शिकवायचे आणि ‘पुलावरचा माणूस: हाशिमोरीतील शून्यभाव’ या विषयावर प्रबंध लिहीत होते. कारण या खेळाचा शेवट विलक्षण होता. नायक एका लांब लाकडी पुलावर चढतो, मध्यावर येऊन थांबतो आणि पुन्हा कधीच हलत नाही. संगीत विरतं, एकच स्वर उरतो, तो अखंड लागून राहतो. तानपुरे बनवणाऱ्या गावात याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही. शिकलगारचाचांनी, जे स्वतः तानपुरे बनवतात, तो स्वर ऐकून पट्टी सांगितली, काळी दोन, आणि मंडळाला इलेक्ट्रॉनिक तानपुरा भेट दिला.

तर उगारे सरांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “योग्य वेळी आलात. आम्ही परिसंवाद घेतोय, ‘हाशिमोरी: आवृत्ती कोणती खरी?’ मूळ कार्ट्रिज आहे. नंतर हातात धरायच्या यंत्रावर निघाला, मग कॉम्प्युटरवर, आता मोबाइलवर. चारही आवृत्त्यांची शास्त्रीय तुलना तुम्ही करा. अहवाल सभेत मंजूर झाला की पत्र तुमचं.”

“शास्त्रीय म्हणजे मोजून?”

“अगदी मोजून! मूळ आवृत्ती श्रेष्ठ आहे हे मोजून सिद्ध करायचं.”

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण शास्त्रात निष्कर्ष आधी आणि मोजमाप नंतर असं कधीच होत नाही असं नाही, म्हणून मी गप्प बसले.

हातात धरायचं यंत्र आणि मोबाइल तौफिकने दिले. त्याचं मोबाइलचं दुकान होतं. कॉम्प्युटर माझाच. मूळ कार्ट्रिज मागायला मी अण्णांच्या दुकानात गेले. ते एका उघड्या टीव्हीतली धूळ रंगाच्या ब्रशने झाडत होते.

“कशाला पायजे? नेटवर असतंय की सगळं.”

“नेटवरचं म्हणजे दुसऱ्याने मोजलेलं, अण्णा. मला माझं हवं.”

“काय काय मोजणार?”

“सगळं. सुरू व्हायला किती सेकंद लागतात, शंभर पावलांत किती लढाया होतात, संगीताची लय, भाषांतर, शेवट.”

ब्रश थांबला. अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग खणातून कार्ट्रिज काढली, फुंकर मारली, माझ्या हातावर ठेवली. जुनं यंत्रही पिशवीत घालून दिलं.

“पुलापर्यंत मोज,” ते म्हणाले. “पुलाच्या पुढं मोजण्यासारखं काही नाही.”

मला तो विनय वाटला.

दोन आठवडे मी हाशिमोरी खेळले. आईने शेजारणीला सांगितलं, मृणाल प्रयोग करतेय. ते खरंही होतं. मी प्रत्येक आवृत्तीत त्याच गावातून त्याच रस्त्याने हजार पावलं चालले. मूळ आवृत्तीत शंभर पावलांत सरासरी सहा लढाया झाल्या, हातातल्या यंत्रावर चार, कॉम्प्युटरवर चार. मोबाइलवर एक लढाई आणि दोन जाहिराती, पैकी एक कांदा-लसूण मसाल्याची.

संगीताची लय मोजताना एक गंमत कळली. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीवर चित्र सेकंदाला पन्नास वेळा उमटतं, जपानात साठ वेळा. खेळाचं घड्याळ चित्रावर चालायचं. म्हणजे जपानातली पोरं जे संगीत जलद ऐकत होती तेच मिरजेची पोरं एक षष्ठांश सावकाश ऐकत होती. उगारे सरांच्या प्रबंधात या संथपणावर एक प्रकरण होतं.

आणि मग पूल.

वहीतला शेवटचा पासवर्ड टाकला (बेडूक, बेडूक, झाडू, उलटा सात), पुलाशी पोचले, चढले. नायक चालला. अकराव्या फळीवर थांबला. संगीत तुटलं आणि काळी दोन लागली. मी मोबाइलवर कंपनसंख्या मोजली: तीनशे अकरा. शिकलगारचाचांचा कान अचूक होता.

बघता बघता अंगावर काटा आला, हे कबूल करते. दहा मिनिटं मी तशीच बसले होते. मग सवयीने बटणं दाबून पाहिली. काहीच नाही. थांबवायचं बटणही चालेना. नायक थांबला, समजू शकते. पण नदीचं पाणीसुद्धा थांबलं होतं.

यंत्र बंद करून पुन्हा लावलं. अकरावी फळी. पुन्हा. अकरावी. सात वेळा केलं, सातही वेळा अकराव्या फळीवर, डावा पाय पुढे असताना.

मग कॉम्प्युटरवरची आवृत्ती पुलापर्यंत नेली. नायक दहाव्या फळीवर आला, अकराव्या, बाराव्या. पुलाला एकूण चोवीस फळ्या होत्या. पलीकडच्या टोकाला एक झोपडी होती, दारात एक म्हातारी बसली होती. तिच्या पुढे तीन शहरं, दोन समुद्र आणि आणखी निम्मा खेळ. हातातल्या यंत्रावर आणि मोबाइलवरही तेच.

मी पुण्यात जपानी शिकणाऱ्या माझ्या मैत्रिणीला, अनघाला, फोन केला.

“हाशिमोरी म्हणजे काय गं?”

“हाशी म्हणजे पूल. मोरी म्हणजे राखण करणारा. किंवा करणारी. का?”

म्हणजे जिच्या नावाने खेळ होता, जिच्या नावाने मंडळ नोंदवलं होतं, ती पलीकडच्या काठावर बसली होती, आणि मंडळातला एकही माणूस तिला भेटला नव्हता. उगारे सरांनी त्या नावाचा अर्थ ‘जिथून सारं वाहून जातं ती मोरी’ असा लावला होता. त्यावरही एक प्रकरण होतं.

“नकली कार्ट्रिज असणार,” तौफिक म्हणाला. त्याच्या दुकानात काचेच्या टेबलावर मी सगळं मांडलं होतं. “तेव्हा सगळ्या नकलीच यायच्या. छोट्या चिपेत मोठी गेम कोंबायची. जेवढी मावली तेवढी भरली, बाकी गेली.”

“म्हणजे शून्यभाव नाही.”

“जागा नाही.”

“मग मी उद्या हे सांगणार.”

“येड लागलंय का तुला? पत्र घे आधी. मग सांग.”

“पत्र घेतल्यावर कशाला सांगेन?”

“मग तेच तर म्हणतोय!”

“तौफिक, मला नोकरी कशाची मिळणार आहे? कुठे अडकतं ते शोधून सांगायची. आणि त्यासाठी पत्र कसलं द्यायचं, तर अडकलेलं असून सांगितलं नाही म्हणून?”

“तुझ्यासारख्या माणसांनी नोकरीच करू नये,” तो म्हणाला आणि एका गिऱ्हाइकाच्या मोबाइलला काच चिकटवायला लागला. बुडबुडा राहिला. तो त्याने काढून पुन्हा चिकटवली.

तानपुरा बंद झाला. आम्ही बसलो.

पुढे टेबलामागे अण्णा बसले होते, खांद्यावर मंडळाने पांघरलेली शाल, समोर नारळ. दर सभेला त्यांना तीच शाल पांघरत आणि सभा संपली की घडी करून कपाटात ठेवत. उगारे सरांनी प्रास्ताविक केलं. ते वीस मिनिटं चाललं. मग मी तक्ता वाचायला उठले.

“सुरू व्हायला लागणारा वेळ. मूळ आवृत्ती, दोन सेकंद. हातातलं यंत्र, नऊ. कॉम्प्युटर, पाच. मोबाइल, चव्वेचाळीस.”

“चव्वेचाळीस!” सरांनी सभेकडे पाहिलं. सभा खेदाने हलली.

“लढाया, दर शंभर पावलांना. सहा, चार, चार, एक.”

“संघर्षच काढून टाकला,” सर म्हणाले.

“संगीताची लय. मूळ आवृत्ती आपल्या टीव्हीवर एक षष्ठांश सावकाश चालते.”

“विलंबित!” सर जवळजवळ उठलेच. “मी प्रबंधात हेच म्हटलंय.”

“सर, विलंबित नाही. पन्नास हर्ट्झ.”

“तेच. विज्ञानाच्या भाषेत.”

टाळ्या झाल्या. शिकलगारचाचांनी मान डोलावली. प्रत्येक ओळीला असंच होत गेलं. मी आकडा सांगायची, सर त्याला अर्थ लावायचे, सभा टाळ्या वाजवायची. तक्ता संपत आला. एक ओळ उरली.

सरांनी घड्याळ पाहिलं. “शेवटची ओळ ‘शेवट’ आहे. तिथे चारही रकान्यांत ‘समान’ असणार, तेव्हा वेळ न घालवता मी अहवाल मंजुरीला मांडतो. मृणालताईंचं पत्र मी टाइप करूनच आणलंय.” त्यांनी ते खिशातून काढून वर धरलं. त्याला मंडळाचा शिक्काही होता.

तौफिकने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. बस, असं ते डोळे म्हणत होते. अण्णा नारळाची शेंडी बोटाला गुंडाळत होते.

“सर,” मी म्हणाले, “समान नाहीये.”

“म्हणजे?”

मी वाचलं. “मूळ आवृत्ती: अकराव्या फळीवर खेळ अडकतो. सातपैकी सात वेळा. इतर तीन आवृत्त्या: नायक चोवीस फळ्या चालून पूल ओलांडतो आणि खेळ पुढे चालू राहतो. निष्कर्ष: आपली कार्ट्रिज अर्धवट आहे. पुलावर खेळ संपत नाही. हँग होतो.”

 

“हँग म्हणजे?” शिकलगारचाचांनी विचारलं.

“मोबाइल होतोय तसा, चाचा,” तौफिक खाली बघत म्हणाला.

“आणि काळी दोन?”

“शेवटचा वाजलेला स्वर तसाच अडकून राहतो,” मी म्हणाले. “पेटीची पट्टी खाली दबून बसल्यासारखा.”

चाचांनी डोळे मिटून हिशोब केल्यासारखं केलं. “मी चार वर्षं दबलेल्या पट्टीसाठी उभा राहतोय?”

“मुळीच नाही!” उगारे सर उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज वर्गात लागतो तसा लागला. “सभ्यहो, एक साधा प्रश्न विचारतो. जुन्या पोथ्यांची नक्कल करताना नकलकार आपल्या पदरच्या ओव्या मध्येच घुसडतात. त्या ओव्यांना आपण काय म्हणतो?”

मागून कुणीतरी पुटपुटलं, “प्रक्षिप्त.”

“प्रक्षिप्त! सर्वांत जुनी प्रत ती प्रमाण. नंतरच्या प्रतींत जे जास्तीचं ते प्रक्षिप्त. आपली प्रत पंचाण्णवची. यांच्या प्रती कधीच्या? सात, बारा आणि चौदा सालच्या. मग पुलापुढची शहरं, समुद्र, ती कोण म्हातारी, हे सगळं काय ठरतं?”

“प्रक्षिप्त!” आता बरेच जण म्हणाले.

“सर, पण नदीचं पाणीही थांबतं,” मी म्हणाले.

“पाणी थांबणार नाही तर काय करणार, ताई? काळच थांबलाय!”

इतक्या टाळ्या त्या सभागृहात मी पुन्हा कधी ऐकल्या नाहीत. चाचांचाही चेहरा उजळला. दबलेली पट्टी पुन्हा षड्ज झाली होती.

ठराव मांडला गेला: ‘हाशिमोरी या खेळाचा शेवट पुलावरच होतो. पुढील भाग प्रक्षिप्त समजावा. शेवटची ओळ वगळून तक्ता मंजूर.’ बाजूने दहा. विरोधात एक, मी. तौफिक तटस्थ राहिला. का, असं सरांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “माझं दुकान हाय, सर.”

“अध्यक्षांनी दोन शब्द बोलावेत,” सर म्हणाले.

अण्णा उठले. शाल सावरली. मला वाटलं ते माझ्याकडे बघतील. ते बराच वेळ उगारे सरांकडे बघत राहिले.

“हेमंत म्हणतोय तसं,” एवढंच म्हणाले आणि बसले.

सरांनी पत्राची घडी करून ते पुन्हा खिशात ठेवलं. “पत्राचं वार्षिक सभेत बघू,” ते म्हणाले. वार्षिक सभा मार्चमध्ये होती. शुक्रवार पाच दिवसांवर.

सोमवारी दुपारी चारच्या सुमाराला आमच्या दारात अण्णा उभे. हातात कापडी पिशवी.

“अण्णा? या ना. आई, अण्णा आलेत!”

“चहा नको,” ते म्हणाले, याचा अर्थ आमच्याकडे चहा टाक असा होतो, आणि आईने टाकला.

ते खुर्चीच्या कडेवर बसले. पिशवीतून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. मंडळाच्या लेटरहेडवर निळ्या शाईत, टीव्हीच्या पावतीवर असतं त्या अक्षरात लिहिलं होतं: ‘मृणाल कुरुंदवाडे यांनी मंडळासाठी चार आवृत्त्यांची तुलना केली. जे दिसलं ते लिहिलं. सांगूनही बदललं नाही. अशा माणसाबरोबर काम करायला अवघड जातं, पण तुमचं कामच तसलं असेल तर यांना घ्यावं. अ. बा. मगदूम, अध्यक्ष.’

“अण्णा, ठरावाचं काय?”

“ठराव गेमवर झालाय. तुझ्यावर कुठं झालाय?”

मी पत्र पुन्हा वाचलं. सांगूनही, या शब्दापाशी थांबले. “तुम्ही मला सांगितलं होतं. पुलापर्यंतच मोज म्हणून.”

“व्हय.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

अण्णांनी चहाची बशी हातात घेतली. “पोरी, ही गेम यायच्या आधीपासनं टीव्हीच दुरुस्त करतोय मी. गोठलेलं चित्र मला ओळखता येत नाही व्हय?”

मी पत्राची घडी केली.

“दुसऱ्या दिवशी शाळा सुरू होणार होती,” ते म्हणाले. “हेमूच्या बापाची बदली झालेली. संध्याकाळच्या एसटीनं ते गाव सोडून जाणार. चाळीस दिवस सगळे पासवर्ड त्या पोरानं काढले होते, बेडूक काय न् झाडू काय. दहा वर्षांचं पोरगं. दुपारी पूल आला. आठही जण श्वास धरून बसलेली. आणि अडकलं. मला कळलं लगेच. हेमू माझ्याकडं बघाय लागला. काय सांगू त्याला? कार्ट्रिज नकली हाय? म्हटलं, झालं रे. संपलं. जिंकलास.”

“आणि तो स्वर?”

“त्यानं विचारलं, अण्णा, हा आवाज का थांबंना? म्हटलं, जिंकलं की असाच लागतोय.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “वाटलं, लहान हाय, विसरंल. तो परत आला ते एम.ए. होऊन.”

मला हसू आलं आणि मी ते दाबलं. अण्णांनी दाबलं नाही.

“काल तरी सांगायचं होतं, अण्णा.”

“दहा माणसांत त्याला पुन्हा दहा वर्षांचा करू?” त्यांनी बशी खाली ठेवली. “सांगीन. आधी प्रबंध होऊ दे त्याचा. त्यात एवढी प्रकरणं हायत म्हणे.”

चहा संपला. उठतील असं वाटलं. पण ते खुर्चीत जरा मागे सरकून बसले.

“दाखव की.”

“काय?”

“पलीकडं.”

माझ्या तक्त्यात सगळ्या ओळींची गोळाबेरीज होती. तीत हातातल्या यंत्राची आवृत्ती पहिली आली होती, बऱ्याच फरकाने. शास्त्राने मी ती दाखवायला हवी होती. पण तीत म्हातारी नायकाला म्हणते, ‘स्वागत असो, वीरा.’ मोबाइलवर ती म्हणते, ‘शाब्बास! आजचं बक्षीस उघडा.’ कॉम्प्युटरवर भाषा जपानी करून, मुळात ती काय म्हणते ते मी अनघाला विचारलं होतं. ती म्हणाली होती, वाक्य अगदी छोटं आहे, घरातली मोठी माणसं दारात बोलतात तसं. ते तसं फक्त कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीत उतरलं होतं, आणि ती आवृत्ती माझ्या तक्त्यात तिसरी होती.

मी कॉम्प्युटर लावला. त्या आवृत्तीत वेग निवडायची सोय होती. मी पन्नास निवडला. पुलाच्या अलीकडे जपून ठेवलेला खेळ उघडला आणि कंट्रोलर अण्णांच्या हातात दिला.

“मी? तू चालव.”

“मोजमाप माझं झालंय, अण्णा.”

संगीत सुरू झालं तशी अण्णांची मान किंचित कलली. तोच संथपणा, त्यांच्या दुकानातला. अंगठा पुढे गेला. नायक पुलावर चढला. अण्णा ओठांत मोजत होते. आठ. नऊ. दहा.

दहाव्या फळीवर ते थांबले. खाली नदी वाहत होती. आई दाराशी येऊन उभी राहिली होती, हातात चहाचा रिकामा ट्रे.

“जायचं?” त्यांनी विचारलं, कुणाला ते कळलं नाही.

त्यांनी अंगठा दाबला. अकरा. संगीत तुटलं नाही. बारा, तेरा. मग ते भराभर चालले, चोवीसपर्यंत. काठ आला, झोपडी आली. म्हातारी दारात बसली होती. अण्णांनी नायकाला तिच्यासमोर उभं केलं आणि बटण दाबलं. खाली चौकोनात इंग्रजी अक्षरं उमटली. अण्णांनी एकेक शब्द बोट ठेवून वाचला, शाळेत वाचतात तसा.

“यू. आर. लेट.” ते माझ्याकडे वळले. “म्हणजे?”

“उशीर केलास रे.”

अण्णांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. कंट्रोलर मांडीवर ठेवला. खांद्यावरची नसलेली शाल सावरल्यासारखा हात वर गेला आणि खाली आला.

“व्हय, आजी,” ते म्हणाले. “वाटेत मंडळ काढलं.”